इंजिन मोठं केलं, पण ब्रेक?

मित्रांनो (आणि मैत्रिणींनो, आमच्या ब्रँचला तुम्ही मोजून सहा असलात तरी!), सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी हा विषय होता एवढंच, आणि त्यात मी जेमतेम पास व्हायचे. मराठी विभागाला लेख कमी पडत होते म्हणून संपादकांनी मला कॅन्टीनमध्ये पकडलं आणि मीही जोशात "हो" म्हणून बसले. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या. मुद्दा मात्र चुकीचा वाटला तर खुशाल मेसमध्ये भांडायला या.

मुद्दा आहे माझ्या मामाच्या पिकअपचा.

मामाचं गाव सासवडच्या पुढे. शेती आहे आणि जोडीला एक जुनी पिकअप. स्वतःचा आणि शेजारपाजारच्या चार शेतकऱ्यांचा माल रात्री भरायचा, पहाटे दिवे घाट उतरून हडपसरमार्गे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात टाकायचा आणि परत येताना खताच्या गोण्या, सिमेंट, जे भाडं मिळेल ते घेऊन घाट चढायचा. घर त्यावरच चालतं. गाडीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा दोष नव्हता. दोष कोणाचा होता ते शेवटी ठरवू.

इंजिन थकलं होतं. सिमेंट भरून घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये रडायचं आणि मागे गाड्यांची रांग लागायची. नवीन पिकअप घ्यायची तर आठ-दहा लाखांची गोष्ट. मिस्त्री म्हणाला, "तुमचं हे २.१ लिटरचं काढू, २.५ लिटरचं डीआय टाकू. सत्तर हजारांत काम. घाट तिसऱ्यात चढेल." मामाने मला फोन केला. मी तेव्हा सेकंड इयरला, थर्मो नुकताच (तोही ग्रेसने!) सुटलेला. मामा म्हणाला, "इंजिनिअर, तुझं काय मत? चालेल का?"

मी म्हणाले, "चालेल की मामा. पॉवर जास्त म्हणजे चांगलंच."

हे एक वाक्य मला आता रोज आठवतं.

मोठं इंजिन बसवणं म्हणजे काही पाप नाही, हे आधी सांगते. कंपन्या हेच करत आल्या आहेत. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीप जुळवायला घेतली तेव्हा ती पेट्रोलवर चालायची. पुढे डिझेल आलं, १९८० च्या दशकात प्युजोच्या बनावटीचं २११२ सीसीचं इंजिन आलं, मग २५२३ सीसीचं डीआय आलं. बाहेरून बघणाऱ्याला जीप तीच! आपल्या पुण्यातच टाटांनी १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ ही पिकअप काढली, दोन लिटरच्या इंजिनाची. त्याच घराण्यातल्या पुढच्या २०७ डीआयमध्ये जवळजवळ तीन लिटरचं इंजिन आलं. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा १९८४ मध्ये ॲम्बॅसॅडरचं दीड लिटरचं इंजिन घेऊन आली. एवढं मोठं धूड त्याला ओढवेना, म्हणून पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसवलं. आणि लक्षात घ्या, नुसतं इंजिन नाही, त्याबरोबर पाच गिअरचा गिअरबॉक्सही आला.

अमेरिकेत तर हा मोठा छंदच आहे. शेव्रोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन १९५५ मध्ये आलं आणि तेव्हापासून तिथल्या पोरांनी ते दिसेल त्या जुन्या पिकअपमध्ये कोंबलं. पण तिथे तो रविवारचा खेळ. आपल्याकडे तो घर चालवायचा मार्ग आहे. म्हणून आपल्याकडे चूक जास्त महाग पडते.

इंजिन बदलताना मी दोन दिवस मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये बसले होते. (पहिल्या दिवशी त्याने मला सावलीत खुर्ची दिली आणि सगळं मामाला समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाना मागायला लागला.) खरं सांगते, त्या माणसाचे हात बघून मी थक्क झाले. माउंटिंग नव्याने बनवून वेल्ड केली. बेल हाऊसिंग जुळवलं. क्लच प्लेट मोठी घातली. रेडिएटर नाना पेठेतून आणला. ड्रॉइंग नाही, कॅलिपर नाही, सुतळी आणि खडूने माप घेतलं आणि इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं! आमच्या वर्कशॉपमध्ये एका जॉबला तीन टर्न लागतात आणि तरी तो सरांना "टेपर" दिसतो.

त्यानंतर मिस्त्रीने आणखी दोन कामं सुचवली. एक, "इंजिनात दम आहे, आता क्राऊन-पिनियन हायस्पीड टाका. ॲव्हरेज वाढेल." दोन, "मागे एकेक पाटा वाढवा. माल जास्त बसेल." मामा खूश. मीही खूश. ब्रेकचा विषय कोणी काढला नाही. मिस्त्रीने नाही, मामाने नाही आणि इंजिनिअरनेही नाही.

घाट खरंच तिसऱ्यात चढला. मामाने पेढे वाटले.

पण आम्ही तिघेही एक साधी गोष्ट विसरलो होतो. सासवडचं पठार वर आहे आणि पुणे खाली. म्हणजे पहाटे माल गच्च भरून जायचं ते उतारावरून! आम्ही चढाचा प्रश्न सोडवत बसलो होतो आणि गाडी सगळ्यात जड असायची ती उतरताना.

श्रावणातली गोष्ट. वाटाण्याचा हंगाम, पोती रचलेली. मी सुट्टीला गेले होते आणि सकाळी कॉलेज गाठायचं म्हणून मामाबरोबर निघाले. मध्ये मामाचा सहावीतला मुलगा, त्याला मार्केट यार्ड बघायचं होतं. तो निघाल्या निघाल्या झोपला. घाटाच्या मध्याला लायनर जळाल्याचा वास आला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. मामा उभा राहून पेडल दाबत होता तरी गाडी ऐकेना. तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेला तर पडेना, नुसता कर्रर्र आवाज. मामा एक शब्द बोलला नाही. त्याने डोंगराच्या बाजूचं चाक गटारात घातलं, गाडी घासत घासत गेली आणि थांबली. कोणालाही काही झालं नाही. दोन पोती फुटली. मुलगा जागा झाला आणि म्हणाला, "आलं का मार्केट?"

आता हॉस्टेलवर आल्यावर मी जे गणित केलं ते तुमच्यापुढे मांडते. हे आकडे बारावीच्या फिजिक्सचे आहेत, त्यामुळे कोणीही तपासावेत.

रिकामी पिकअप साधारण दीड टन. मामा पूर्वी टनभर माल भरायचा, म्हणजे एकूण अडीच टन. इंजिन बदलल्यावर दीड टन भरायला लागला, म्हणजे तीन टन. गाडी शंभर मीटर उंचीवरून खाली आली की तिची स्थितिज ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. वेग वाढू द्यायचा नसेल तर तिची उष्णता होते. अडीच टनांना ही ऊर्जा येते सुमारे २४.५ लाख ज्यूल. तीन टनांना २९.४ लाख ज्यूल. म्हणजे किती? २० अंशांचं सव्वासात लिटर पाणी उकळीला आणायला लागते तेवढी पहिली, आणि पावणेनऊ लिटरला लागते तेवढी दुसरी. (आमच्या विंगच्या गिझरला हे तासाभरात जमत नाही!) यातला थोडा भाग हवेचा विरोध, टायर आणि इंजिन खातं. बाकी सगळं त्या चार ड्रमांच्या पोटात. चारही ड्रमांचं लोखंड मिळून ४० किलो धरलं आणि थंड व्हायला सवडच मिळाली नाही असं मानलं, तर २९.४ लाख ज्यूलने ड्रम तब्बल १६० अंशांनी तापतात. घाट काही शंभर मीटरवर संपत नाही. ड्रम तापला की फुगतो, म्हणून पेडल खाली जातं. लायनर तापला की त्याचं घर्षण कमी होतं, म्हणून दाबूनही गाडी थांबत नाही. पुस्तकात याला फेड म्हणतात. दोन मार्कांना येतो.

"पण इंजिन मोठं झालं म्हणजे इंजिन ब्रेकिंगही वाढलं ना?" हा प्रश्न माझ्या रूममेटने विचारला आणि प्रश्न बरोबर आहे. २.१ चं २.५ लिटर म्हणजे सुमारे १९ टक्के वाढ. सरळ हिशेबाने उतारावर इंजिन तेवढं जास्त धरून ठेवेल. पण आम्ही क्राऊन-पिनियनही बदललं होतं! आधी क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८, म्हणजे ५.३८. नंतर ४७ आणि ११, म्हणजे ४.२७. इंजिनाची पकड चाकापर्यंत पोहोचते ती या आकड्याने गुणून. तो आकडा २१ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे एका हाताने १९ टक्के मिळवले आणि दुसऱ्या हाताने २१ टक्के घालवले. उतारावर मोठ्या इंजिनाचा फायदा शून्य, आणि वजन मात्र अर्ध्या टनाने जास्त.

हे गणित करायला मला वीस मिनिटं लागली. मामाचा फोन आला त्या दिवशी माझ्याकडे वीस मिनिटं नव्हती का? होती. मी तेव्हा रूमवर सिनेमा बघत होते.

आता या विषयावर कॉलेजमध्ये दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, "हे बेकायदाच आहे, विषय संपला." कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेला मूळ तपशील आणि आरसी बुकातला तपशील यात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही, आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मामाने परवानगी घेतली नव्हती. म्हणूनच गावाचं नाव लिहिलेलं नाही! उद्या अपघात झाला असता तर विमा कंपनीसमोर आम्ही काय तोंड दाखवलं असतं, ते वेगळंच.

दुसरा पक्ष म्हणतो, "काय जुगाड आहे! डिग्रीवाल्यांना जमणार नाही ते मिस्त्री करून दाखवतो." हेही खरं आहे, मी डोळ्यांनी बघितलं. पण मला वाटतं की या कौतुकात आपली एक सोयीस्कर पळवाट आहे. जुगाड म्हटलं की आपली जबाबदारी संपते. इंजिन बसवण्यात तो माणूस उस्ताद आहे. पण लायनर किती तापेल हे सुतळीने मोजता येत नाही. ते मोजायला आपण शिकतो, आणि आपण त्याच्या गॅरेजमध्ये कधी जात नाही. आपण फक्त त्याचे फोटो काढतो.

मला दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. पहिला पक्ष दार बंद करतो आणि समजतो की आता कोणी आत जाणार नाही. लोक खिडकीतून जातात, रात्री, न मोजता. सीएनजीचं बघा. इंधन बदलायला कायद्याने वाट ठेवली आहे. मान्यताप्राप्त किट घ्या, अधिकृत माणसाकडून बसवून घ्या, आरसी बुकात नोंद करा. वाट आहे म्हणून तपासणीही होते. कॅलिफोर्नियात इंजिन बदलायलाही अशी वाट आहे. नवं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि सरकारने नेमलेल्या रेफरीकडून गाडी तपासून घ्यायची. तिथली तपासणी मुख्यतः धुराची असते. आपल्याकडे घाट आहेत, तेव्हा आपण ती ब्रेकपासून सुरू करावी. इंजिन मोठं हवं? आधी ब्रेक दाखवा, मालाची मर्यादा होती तेवढीच ठेवल्याचं लिहून द्या, मग इंजिन. असा नियम झाला तर मामासारखी माणसं रांगेत उभी राहतील असं मला मनापासून वाटतं.

आणि हे सुचवायला पुण्याइतकं योग्य शहर कुठलं? गाड्या तपासणारी एआरएआय १९६६ पासून आपल्याकडे आहे, तीही वेताळ टेकडीवर, आपल्या डोक्यावर! भोसरीला सीआयआरटी आहे. पिंपरी-चिंचवडला अख्खे कारखाने आहेत. आणि त्याच टेकडीवरून दिसणाऱ्या शहरात रोज पहाटे किती पिकअप असे ब्रेक घेऊन उतरत असतील, देव जाणे.

पण सरकारने काय करावं हे लिहिणं फार सोपं आहे. आपण काय करावं? आपल्यापैकी जे बाहा स्पर्धेच्या टीममध्ये आहेत त्यांना एक गोष्ट पाठ आहे. तिथे सगळ्या संघांना एकसारखंच इंजिन असतं, साधारण दहा हॉर्सपॉवरचं, आणि त्याची ताकद वाढवायला बंदी. मग जिंकतं कोण? ज्याचं वजन, सस्पेन्शन, गिअरिंग आणि ब्रेक नीट जुळलेले असतात तो. आणि आधी ब्रेक टेस्ट पास व्हावी लागते. चारही चाकं लॉक झाली नाहीत तर गाडी ट्रॅकवरच जात नाही. स्पर्धेच्या गाडीला जो नियम आपण निमूट पाळतो तो मामाच्या गाडीला का नाही?

म्हणून सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. फायनल इयरला आमच्यातले कित्येक जण तयार प्रोजेक्ट विकत आणतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. त्याऐवजी एका ग्रुपला हा प्रोजेक्ट द्या. महिन्यातून एका रविवारी जुन्या पिकअप बोलवा. रिकामी आणि भरलेली गाडी किती अंतरात थांबते ते मोजा. ड्रमचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. बूस्टरचा व्हॅक्यूम बघा, कारण डिझेलला तो वेगळ्या पंपातून मिळतो आणि इंजिन बदलताना हाच पाइप हमखास कसाबसा जोडलेला असतो. मालकाला मराठीत लिहिलेला एक कागद द्या, "तुमची गाडी एवढा माल घेऊन एवढ्याच वेगाने घाट उतरू शकते." मिस्त्रीलाही बोलवा. त्याने आपल्याला माउंटिंग शिकवावी, आपण त्याला फेड शिकवू. व्हायवाला एक्स्टर्नलच्या जागी तो बसला तर आमची खरी परीक्षा होईल!

मामाची पिकअप सध्या गोठ्याशेजारी उभी आहे. जुना क्राऊन परत बसवलाय, वाढवलेले पाटे काढलेत, ड्रम आणि लायनर नवे घातलेत. पण आरटीओत जाऊन काय ते कबूल केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही असं मामीने ठरवलंय, आणि आमच्या घरात सुप्रीम कोर्ट मामीच आहे. तोपर्यंत मामा दुसऱ्याच्या गाडीला भाडं देऊन माल पाठवतो. हंगामात ते किती अंगावर येतं हे मला त्याच्या आवाजावरून कळतं, तो सांगत नाही.

दोष कोणाचा? मिस्त्रीने त्याला येत होतं ते केलं. मामाने त्याला माहीत असलेल्या दोन जाणकारांना विचारलं. त्यातली एक मी होते. मला येत असूनही मी केलं नाही. तेव्हा माझं उत्तर मला मिळालं आहे.

तुम्हालाही असा फोन येईल. काका, आत्या, गावचा शेजारी, कोणीतरी विचारेल, "तू इंजिनिअरिंगला ना? मग सांग, चालेल का?" गच्चीवर दुसऱ्या मजल्याचं बांधकाम असेल, विहिरीवरची मोटर असेल, नाहीतर पिकअपचं इंजिन. त्यांच्या दृष्टीने आपण आत्ताच इंजिनिअर आहोत, आपल्या कितीही केट्या राहिलेल्या असोत. तेव्हा "चालेल" म्हणू नका. "मोजून सांगते" म्हणा, आणि खरंच मोजा.

मामाने परवा पुन्हा फोन केला होता. म्हणाला, "इंजिनिअर, टनभर माल घेऊन आता उतरेल का गं गाडी?" मी म्हणाले, "मामा, रविवारी येते. थर्मामीटर घेऊन येते."

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल